स्वतः तपासलं

चार टक्के? चार टक्क्यांवर पोचायचा बेत आखताय तुम्ही दोघं? ठेव तो फोन खाली. आणि तू दार लोटून घे, गार वारा येतोय. उद्या पहाटे निघायचंय ना, मग मामाचं आत्ता ऐका. ही कुठून तरी कानावर आलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माणूस वीस वर्षं माझ्या शेजारच्या दुकानात बसायचा.

चष्म्याचं दुकान त्याचं. आम्ही त्याला टक्केराव म्हणायचो. विजेची गाडी घेतल्यापासून तो टक्क्यांशिवाय बोलेना. जेवलास का विचारलं तर म्हणे, सत्तर टक्के. कुठे जायचं ठरलं की आदल्या रात्री वही घेऊन बसायचा. निघताना शंभर, पहिल्या थांब्याला बेचाळीस, तिथे पंचवीस मिनिटं, मग पुढे. बायको म्हणायची, ह्यांना माझा वाढदिवस तेवढा आठवत नाही.

ह्या गाडीवाल्यांचं एक ॲप असतं, तुमच्या फोनमध्येही आहेच. कुठला चार्जर चालू, कुठला बंद, जो तो लिहून ठेवतो आणि मागून येणारा त्या भरवशावर निघतो. टक्केरावची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नोंदी करण्यात त्याचा पहिला नंबर होता. तो नंबर जायला नको म्हणून हळूहळू तो न थांबताच नोंदी करायला लागला. जुन्या रस्त्यावर जंगलाच्या तोंडाशी एक बंद पडलेलं हॉटेल आहे, त्याच्या अंगणात एकच चार्जर. जूनमध्ये हा तिथून ऐंशीच्या वेगाने गेला. लांबून हिरवा दिवा दिसला. घरी येऊन लिहिलं, ‘चालू आहे. स्वतः तपासलं.’

तिसऱ्या रात्री शाळेतल्या एक बाई ते वाचून तिथे पोचल्या. एक टक्का उरलेला. शेजारच्या सीटवर त्यांचे वडील, नाकाला नळी, ऑक्सिजनचं मशीन गाडीच्याच बॅटरीवर चाललेलं. हिरवा दिवा होता, वीज नव्हती. बाईंनी सगळीकडे फोन केले. मदत यायला दोन तास लागले. गाडीने अर्ध्या तासात मान टाकली.

आठवड्याने टक्केराव दुकानात काच घासत होता. मधेच ॲप उघडलं, तर त्याच्या नोंदीखाली बाईंची ओळ. ‘चार्जर बंद होता. बाबा गेले.’ शिवी नाही, शाप नाही. ह्याच्या हातातली काच खाली पडली. मग काय केलं असेल त्याने? माफी मागितली? छे. गुपचूप आपली नोंद पुसून टाकली.

आता लोक बाईंना विचारायला लागले, चार्जर चालू आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी? बाईंनी लिहिलं, ‘मी वाचलं होतं. आता दिसत नाही. घाईत माझीच वाचण्यात चूक झाली असेल.’

ते मात्र टक्केरावच्या जिव्हारी लागलं. बाप गमावून वर दोष स्वतःच्याच माथी घेऊन बसली होती ती पोर, आणि खरं काय ते जगात ह्या एकट्याला ठाऊक. त्याने तिचा पत्ता शोधून काढला. दोनदा फाटकापर्यंत गेला आणि दोनदा शेपूट घालून परत आला. वाळत चालला होता. मला वाटायचं, साखर वाढली असेल.

नोव्हेंबरची चोवीस तारीख, मंगळवार. टक्केरावच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तिला नवा चष्मा पोचवायला हा गेला. चष्मा नीट बसला, जेवण झालं, गप्पा झाल्या, रात्री दहाला निघाला. वहीत हिशेब तयार होता, एकोणीस टक्के राखून घरी. पण हमरस्त्यावर ट्रक उलटला होता. पोलिसांनी गाड्या जुन्या रस्त्याला वळवल्या. मोठा वळसा, त्यात चढ. आकडा भराभर खाली यायला लागला. वाटेत चार्जर एकच होता.

एक वाजून पन्नास मिनिटांनी तो त्या अंगणात शिरला. दोन टक्के.

हिरवा दिवा लागलेला.

चार्जरचा पडदा काळा. त्याला दोरीने पाटी बांधलेली, ‘बंद’. तरी त्याने केबल लावली, दुसरं करणार काय? गाडीत येऊन बसला. काचा वर घेतल्या.

आकडा हलला. तीन.

त्याला आनंद झाला नाही रे. त्याने पुन्हा त्या पाटीकडे बघितलं.

चार. पाच.

शेजारून आवाज आला. फस्स... मग थांबला. फस्स... मग थांबला.

ती सीट रिकामी होती. असायला हवी होती. त्याने बघितलं नाही. मान वळेचना.

नऊ. दहा.

“चालू... आहे... ना हो?”

म्हातारा आवाज. सभ्य. चार्जरवर कुणीही कुणाला विचारतं तसा. फक्त एकेका शब्दाला दम घेत.

टक्केरावच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “हो. चालू आहे.”

फस्स...

“स्वतः... तपासलंत?”

चौदा. सतरा. वीस.

आकडा चढत होता. आणि शेजारचा श्वास... लांबत होता. आधी दोन सेकंदांनी. मग पाच. मग...

मग आलाच नाही.

“नाही!” टक्केराव ओरडला. “नाही तपासलं! मी थांबलोच नव्हतो. खोटं लिहिलं, आणि मग पुसलं. तुमच्या मुलीची काही चूक नाही हो... काही चूक नाही.”

काही नाही. बराच वेळ काही नाही.

मग अगदी कानाशी, “मला... नका... सांगू.”

खट् करून केबल सुटली. एकतीस टक्के.

टक्केराव घरी गेला नाही. सरळ बाईंच्या गावाला गेला. उजाडेपर्यंत फाटकापाशी गाडीत बसून राहिला, शेजारी न बघता. बाई शाळेला निघाल्या तेव्हा खाली उतरला आणि रस्त्यातच सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही, रात्रीचंसुद्धा.

बाई म्हणाल्या, “म्हणजे मी नीट वाचलं होतं.”

“हो.”

“पाच महिने मी झोपले नाहीये.”

बाई गाडीपाशी गेल्या. शेजारच्या सीटच्या काचेवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, तळहाताएवढी वाफ धरली होती. ती विरली. पुन्हा धरली. विरली. पुन्हा धरली.

बाईंनी वाकून गाडीतला आकडा बघितला. सहा.

“गाडी बंद करू नका,” त्या म्हणाल्या, आणि वायर आणायला घरात धावल्या.

टक्केराव बसने परत आला. गाडी त्याने पुन्हा मागितली नाही.

मागच्या महिन्यात मी त्या गावाला गेलो होतो. खोटं कशाला सांगू, मुद्दाम गेलो. दुपारची वेळ, कडक ऊन, बाई शाळेत. गाडी अंगणात उभी, घरातून वायर आलेली. गाडीत कुणी नव्हतं. दारं लावलेली. मी त्या काचेवरून रुमाल फिरवला, चांगला घासून.

वाफ पुसली गेली नाही. आतून होती.