थोरलीचं ओलं हूड

"हूड कोणी दुमडलं?"

गॅरेजचं दार उघडल्यावर मिस्त्रीच्या तोंडून निघालेले पहिले शब्द हे. मालक समोर स्टिअरिंगवर मान टाकून मरून पडले होते, आणि हा गडी हुडाची चौकशी करत होता. मालकांच्या बायकोनं ते ऐकलं आणि फौजदार आल्या आल्या त्यांच्या कानावर घातलं.

गाडी म्हणजे दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीत हातानं घडवलेली, उघड्या टपाची, दोघांपुरती स्पोर्ट्स कार; वर छपरासारखं चढवायचं, नको तेव्हा दुमडायचं कापडी हूड. तिचं दार लागताना जुनं सागवानी कपाट मिटल्यासारखा आवाज येई. तसा आवाज आताच्या गाड्यांना नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन तिला बघायला दुरून येत. मालक तिला 'थोरली' म्हणत आणि बायकोला 'धाकटी'. पाहुणे हसत. बायकोही हसे.

गॅरेज आतून बंद केल्यासारखं, दाराच्या फटीत चिंध्या. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू राहिलं होतं.

"जीव दिला, साहेब," हवालदार म्हणाला. "धुरानं गेले."

फौजदारांनी प्रेताचा सदरा वर केला. दोन्ही काखांत रुंद, लालनिळे वळ होते.

"जीव देणारा आपल्या काखा सोलून घेत नाही," ते म्हणाले. शेजारच्या खुर्चीपाशी कॉफीचा कप होता. तळाशी पांढरा गाळ. झोपेच्या गोळ्या.

मग त्यांनी सीटमागे दुमडलेल्या हुडाच्या घडीत बोटं घातली. आतून कापड गार आणि ओलं होतं.

बाई दिवाणखान्यात ताठ बसल्या होत्या. अंगानं काडी.

"काल संध्याकाळी गॅरेजमध्ये कोण होतं?"

"हे आणि मिस्त्री. नव्या हुडाचं कापड भिजवून चढवलं होतं, ताणून वाळायला. मिस्त्रीच्या हातून गाडीच्या दाराला ओरखडा गेला, तर यांनी त्याच्या थोबाडीत दिली. मी कॉफी नेऊन ठेवली आणि आत आले."

"मूलबाळ?"

"लेक होती. बाळंतपणाला आली आणि गेली. टॅक्सी यायला उशीर झाला." त्यांनी भिंतीवरचा लेकीचा फोटो सरळ केला. त्याच्या शेजारी त्यांचा स्वतःचा, तरुणपणचा: हातात साखळी आणि डोक्याच्या वर लटकलेलं इंजिन.

"हे तुम्ही?"

"मग? यांचं इंजिन मीच उतरवायची. हे खालून ओरडायचे, 'धाकटे, बोटभर खाली.'"

मिस्त्रीची चौकशी थोडक्यात आटोपली.

"थोबाडीत खाल्लीस?"

"ते नेहमीचंच, साहेब."

"एवढा जड माणूस उचलून गाडीत ठेवणारा या घरात तुझ्याशिवाय कोण आहे?"

मिस्त्रीनं घरातली माणसं बोटांवर मोजली. "कोणी नाही. पण मी ओलं हूड दुमडलं नसतं. त्या रेघा पुन्हा जात नाहीत."

"फासावर जायची वेळ आली," हवालदार म्हणाला, "आणि याला घड्यांची इस्त्री सुचतेय."

बेड्या पडल्या. बाईंनी खिडकीतून शांतपणे पाहिलं.

फौजदारांच्या मनातून मात्र ते ओलं कापड जाईना. दुपारी त्यांनी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावलं, मिस्त्रीच्या बेड्या काढल्या, हूड पुन्हा चढवून घेतलं.

"हवालदार, मेल्यासारखे पडा. मिस्त्री, यांना आत बसव."

मिस्त्रीनं हवालदाराला बगलेत धरलं आणि दारातून अलगद आत सरकवलं. हूड होतं तसंच राहिलं.

"पाहिलंत?" फौजदार म्हणाले. "ताकदवान माणसाला हूड काढावंच लागत नाही. काल ते काढावं लागलं, कारण मालक दारातून आत गेले नाहीत. वरून उतरले."

त्यांनी वर बोट केलं. तुळईवर चेन पुली होती, इंजिन उचलायची. पट्टा आकड्याला लोंबत होता.

"गुंगी आली तेव्हा मालक खुर्चीत होते. पट्टा काखेतून घातला, साखळी ओढली, तुळईवरून पुली सरकवली, बोटभर बोटभर खाली सोडलं. पुली लागते ती काडीसारख्या माणसाला. बाई, घरात थोरली असताना लेकीसाठी टॅक्सी कशाला हवी होती?"



"पोरीचं रक्त जात होतं," बाई म्हणाल्या. "हे म्हणाले, चामड्याच्या सीटवरचे डाग निघत नाहीत. टॅक्सी बोलाव. हूड ओलं होतं हे मला माहीत होतं, साहेब. घडी मी दाबून दाबून घातली."

"आणि मिस्त्रीला का फासावर पाठवत होतात?"

"त्या दिवशी थोरलीची चावी याच्या हातात होती. मी याच्या पाया पडले. यानं मालकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चावी खिशात टाकली."

"मालक नको म्हणाले होते, वहिनी," मिस्त्री पुटपुटला.

"हो. तू ऐकलंस त्यांचं."

हवालदारानं बेडी घातली. ती बाईंच्या मनगटातून निसटून खाली पडली. त्यांनीच वाकून उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"आपली जीप बाहेर गेलीय, साहेब," हवालदार म्हणाला. "यायला वेळ लागेल."

बाई मिस्त्रीकडे वळल्या. "मग तू थोरली काढ की. सोड मला चौकीवर."

मिस्त्रीची नजर रिकाम्या सीटकडे गेली, कुणाची परवानगी घ्यावी तशी. मग ती जमिनीवर आली.

"पेट्रोल नाही, वहिनी."

"त्या दिवशी टाकी भरलेली होती," बाई म्हणाल्या.