जाळीतला न जन्मलेला फंदा

सायकली फाटकाबाहेर काढून अमृता आणि विहंग जयूला बोलवायला आत आले, तर जयूची वासंतीमावशी विणलेली पट्टी तिसऱ्यांदा उसवत होती. जवळच्या भैरवगढला कापडावरची ठशांची छपाई बघायला जायचा बेत तिथेच थांबला.

इंदूरचा एक व्यापारी नुकताच परदेशात माल पाठवू लागला होता. त्याला ही जाळीची पट्टी पसंत पडली, तर त्यांच्या माधवनगरातल्या कितीतरी बायकांना घरबसल्या शाली विणायचं काम मिळणार होतं. तो संध्याकाळी येणार होता. त्याने एक नमुना आणि इंग्रजी खुणांचा कागद दिला होता, पण त्या खुणांचा अर्थ कुठेच नव्हता.

"पट्टी अरुंदच होत जातेय," मावशी म्हणाली. "सुईवरचे फंदे जातात कुठे?"

विहंगने घरातल्या मांजरावर संशय घेतला. जयूने कागदावरचं 'वाय-एफ-डब्ल्यू-डी' शब्दकोशात शोधलं, ते सापडलं नाही. तिचे बाबा, भय्यासाहेब, पेपरातून डोकं न काढता म्हणाले होते, की त्याचा अर्थ धागा पुढे घ्या, बस!

अमृताने नमुना खिडकीशी धरला. प्रत्येक भोकाशेजारी दोन फंदे एकत्र विणलेले होते. कागदावरही 'वाय-एफ-डब्ल्यू-डी' आणि दोनचा आकडा असलेली एक खूण जोडीनेच येत होत्या.

"दोनाचा एक झाला की एक फंदा कमी होतो," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे भोकाच्या जागी नवा फंदा यायला हवा. मावशी, धागा पुढे घेऊन तुम्ही काय करता?"

"परत मागे नेते आणि विणते."

"मागे नेऊ नका. पुढेच राहू द्या आणि तसाच पुढचा फंदा विणा."

मावशीने तसं केलं. धागा सुईवरून आडवा गेला आणि त्याचा एक वेढा सुईवरच राहिला. ओळ संपल्यावर जयूने मोजलं. एकही फंदा कमी नव्हता. आणखी दोन ओळींनंतर तिथे नाजूक भोकं उमलली.

व्यापारी आला तो कुरकुरतच. इथल्या बायकांना हे जमणार नाही, असं तो म्हणू लागला, तेव्हा विहंगने कागद पुढे करून खुणांचा अर्थ विचारला. अर्थाचं पान द्यायचंच राहिलं होतं, हे कळून तो गडबडला.

"अरे, वो पन्ना तो दुकान पे ही रह गया."

मग त्याने पट्टी उजेडात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. काम पक्कं झालं. भय्यासाहेबांनी पेपर बाजूला ठेवून अमृताची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका लोकर घेऊन जमल्या. मावशीने आपली खुर्ची अमृताला दिली आणि स्वतः सतरंजीवर, त्यांच्यात जाऊन बसली.

"शिकव," ती म्हणाली. "मीही पहिल्यापासून शिकते."