पाच नंबर

आमच्या पंपावर मशीन चारच आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिथेच अडलंय. पाचव्यासाठी सिमेंटचा कट्टा बांधून ठेवला होता, पण मशीन काही आलं नाही. त्या कट्ट्यावर आम्ही काचा पुसायच्या बादल्या पालथ्या घालतो. माझ्या काउंटरवरच्या स्क्रीनवर मात्र पाचवा चौकोन आहे, कायम करडा; बाकीचे चार गाडी लागली की हिरवे होतात. गिऱ्हाईक पेट्रोल भरतं, दुकानात येतं, नंबर सांगतं, मी तो चौकोन दाबते. “दोन नंबर, आणि एक बिस्किटचा पुडा.” दिवसभर हेच चालतं.

आमचे हे बाहेर पंपावर, मी आत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई. त्यांचं काम एकच, रस्त्याकडे बघत बसणं. माझा धाकटा दीर यांच्याशीच कडाक्याचं भांडून याच दारातून बाहेर पडला, त्यानंतर फोन नाही की निरोप नाही. नवा रस्ता झाल्यापासून गाड्या तिकडून जातात, आमच्याकडे नुसता शुकशुकाट. म्हणून यांनी चालवायला घेतलेला हा पंप सोडून शहरात जायचं ठरवलं. सासूबाईंचं एकच पालुपद, “त्याला हाच पत्ता ठाऊक आहे. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?”

हे बाहेर जायचे आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायचे.

अशात एक काका यायला लागले. पहिल्यांदा आले ते भर दुपारी. सासूबाईंना डुलकी लागली होती. करडा शर्ट, हातात काही नाही.

“पाच नंबर,” ते म्हणाले.

“काका, चारच आहेत. उन्हानं डोळे दिपले वाटतं.”

ते हसले. “बरं. मग नुसती कॉफी. दोन.”

एक कप त्यांनी घेतला. दुसरा, काळ्या कॉफीचा, माझ्याकडे सरकवला. “ही मागून येतोय त्याला.”

ते गेले आणि बघते तर काय, फरशीवर ओल्या पावलांचे ठसे! बाहेर जमीन तापून भेगाळलेली, पावसाचा पत्ता नाही. बादलीत पाय घातला असेल म्हाताऱ्यानं, असं पुटपुटत मी फडकं फिरवलं. नुकतीच पुसलेली फरशी, राग येणार नाही तर काय?

तेवढ्यात एक ट्रकवाला आत आला. डोळे लालभडक. “काळी कॉफी द्या, बिनसाखरेची. लवकर.” कप समोरच होता, तोच दिला. त्यानं उभ्या उभ्या संपवला आणि मग खाली बघत म्हणाला, “मागच्या वळणावर डोळा लागला होता, बाई. क्षणभरच. घरी दोन पोरी आहेत माझ्या.” मग ट्रक कडेला लावून तो दुपारभर झोपला.

योगायोग, मी म्हटलं. मी काही कुठल्याही गोष्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. पण काका पुन्हा आले. या वेळी मागे चॉकलेटचं गरम दूध ठेवून गेले, आणि मागून आली एक मुलगी, हातात भली मोठी बॅग, रडून रडून नाक लाल झालेलं. ते दूध प्यायली आणि म्हणाली, “काकू, तुमच्या फोनवरून बाबांना फोन करू?” पुढे केव्हातरी दुहेरी ड्यूटी करून आलेली नर्स. मग नोकरी गेलेला एक गृहस्थ, घरी काय सांगू म्हणून गाडीतच बसून राहिलेला. कप ज्याचा त्यालाच मिळायचा. आणि दर वेळी फरशी ओली.

तुमच्या मनात आलं ते माझ्याही आलं. सासऱ्यांचा फोटो आत भिंतीवर आहे, तो मी स्टुलावर चढून निरखून पाहिला. काका म्हणजे ते नव्हेत. नाकातच जमीन-अस्मानाचा फरक.

यांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, असेल कुणी गमत्या.”

शेवटचा दिवस आला. खोकी बांधून झाली होती. संध्याकाळी मालकाचा माणूस किल्ल्या न्यायला येणार होता. दुपारी काका आले.

“पाच नंबर.”

एव्हाना मी वाद घालणं सोडलं होतं.

त्यांनी स्वतःच दुसरा कप केला. अर्धी कॉफी, अर्धं दूध, साखरेच्या चार पुड्या. रिकाम्या पुड्यांचे छोटे छोटे त्रिकोण दुमडून त्यांनी ते कपाखाली सरकवले.

असे त्रिकोण आमच्या घरात एकच माणूस करायचा, आणि घरभर सापडतात म्हणून रोज शिव्या खायचा.

“काका, कुठे आहेत ते? बरे आहेत ना?”

“मागून येतोय,” ते म्हणाले. “त्याला जरा वेळ लागेल. कॉफी निवू देऊ नका.”

आता कॉफी निवू द्यायची नाही म्हणजे काय करायचं? मी सासूबाईंना हलवून जागं केलं आणि कप त्यांच्या हातात दिला. काउंटरवरचे त्रिकोण त्यांनी पाहिले. कप दोन्ही तळव्यांत घट्ट धरून दाराकडे तोंड करून बसल्या.

मालकाचा माणूस आला. हे किल्ल्या घेऊन आत शिरले आणि त्यांची नजर काउंटरवर गेली. एक त्रिकोण उचलून त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. मग एका खोक्यावर मटकन बसले.

“नाही देत किल्ल्या,” ते म्हणाले. “मीच घालवलं त्याला. मीच थांबतो.”

तो माणूस कुरकुरत निघून गेला.

आम्ही तिघं बसून राहिलो.

ऊन उतरलं.

दार वाजलं.

“वहिनी,” आवाज आला, “पाच नंबर.”

खंगलेले, दाढी वाढलेली, पण भाऊजीच. मी सवयीनं स्क्रीनकडे हात नेला. पाचवा चौकोन हिरवा झाला होता.

सासूबाईंनी कप पुढे केला. “किती उशीर रे, मेल्या!” आणि मग ज्या रडायला लागल्या! भाऊजींनी एक घोट घेतला आणि ओठ पोळले म्हणून कप बाजूला धरला.

नव्या रस्त्याच्या फाट्यावर त्यांनी गाडी परत मागे वळवली होती म्हणे, इकडे यायची हिंमत होईना. तिथं एका काकांनी हात केला. घोट्यापर्यंत भिजलेले. गाडीत बसून एवढंच म्हणाले, पाच नंबरला लाव.

हे दारात जाऊन बघून आले. गाडी कट्ट्याला लागून उभी होती, आत कुणी नव्हतं. बादल्या बाजूला ओळीनं मांडलेल्या. यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. “जेवलास का?” एवढंच विचारलं.

पंप सोडला नाही. गिऱ्हाईक अजूनही बेताचंच, पण घरात हसणं आहे, आणि त्रिकोण घरभर आहेत. ते काका काही पुन्हा आले नाहीत.

काल दुपारी सासूबाईंना डुलकी लागली होती. भाऊजींनी कॉफीच्या मशीनवर दोन कॉफ्या काढल्या. एक घेतली, दुसरी काउंटरवर ठेवली.

“ही कुणाला हो?” मी विचारलं.

“मागून येतंय कुणीतरी,” ते सहज म्हणाले.

मी फडकं घ्यायला वळले. मशीनपासून काउंटरपर्यंत फरशी ओली होती, भाऊजींचं एकेक पाऊल उमटलेलं. भाऊजी सकाळपासून दुकानाबाहेर गेलेच नव्हते.