काळडोहावरच्या दोन गोण्या

आमी मासे धराया न्हाई, मासेचोर धरून द्याया निघालो होतो!

गळ टाकनारी आमी तिघं. म्या व्यंकट, नायगावचा, पिकअप चालवतो. माझी बायको उज्वला. तिच्या गळाला वाम लागती आन माझ्या गळाला फाटकी चप्पल. तिसरा आनंदराज, जळकोटचा, एसटीत कंडक्टर. अभयारण्याच्या खालच्या अंगाला, जिथं गळ टाकायची मनाई न्हाई, तिथं आमी कैक वर्सं बसतो. फुगल्या पोटाची मासळी लागली तर सोडून देतो.

तर मागल्या उन्हाळ्यात जाऊन पाहतो, अख्खं पानी पांढरं! उताण्या माशांच्या पोटांची चादर हो! बोटाएवढी पिल्लं, गाभन मरळ, एक म्हातारं कासव, सगळं मरून पडलेलं. वरून कुनीतरी ब्लिचिंग पावडर वतली होती. जी गावच्या टाकीत चिमूटभर टाकत्यात, ती गोणीनं! मोठे मासे तेवढे उचलून बाजारात नेले, बाकीचं सडू दिलं. आन तेच मासे लेकराबाळांच्या ताटात! माझं डोकं असं फिरलं म्हनता, दोन रोज जेवन गोड लागलं न्हाई.

तडक वनखात्याच्या समीक्षा मॅडमकडं गेलो. त्या म्हनल्या, "काका, माणसं कमी, नदी लांब. आमच्या जीपचा आवाज आला की ते पसार होतात. माल हातात असताना सापडले पाहिजेत. तुम्ही पायी जाऊन जागा हेरा, मला कळवा. पण गळ इथं नाक्यावर ठेवायचे. आत गळ घेऊन दिसलात तर तुम्हीसुद्धा चोर!"

"हाव मॅडम," म्हनलं, आन यंदा उन्हाळा तापल्यावर निघालो.

नदी आटून नुसती दगडांची वाट झालती. दोन्ही अंगाला काळे कडे, वर सागाची खराटा झालेली झाडं, आन मधात तव्यावानी तापलेले धोंडे, की चपलीतून सुदिक तळपायाला चटका बसावा. पाखरू बोलंना. आनंदराज मागून म्हनतो, "चला, पुढं सरका, मधी लई जागा हाय!"

उज्वला म्हनली, "भावजी, तिकीट नका फाडू, दम टिकवा."

तेवढ्यात वळनावर काळं काहीतरी हाललं. अस्वल! डबक्यात तोंड घालून पानी पिऊन राहिलं होतं. आमी जागच्या जागी थिजलो. त्यानं मान वर केली. फुस्स केलं. मग ते आपलं निवांत झुडपात शिरलं. त्याच्या वाटंला जायची आमाला काय हौस! आमी सरळ कड्यावर चढलो, काट्याकुट्यातनं, हातपाय सोलीत.

वर गेलो आन खाली काळडोह दिसला. यंदा नदी आटल्यावर उरलीसुरली मासळी जीव वाचवाया ह्याच एका डोहात आली होती. हा मेला तर पावसाळ्यात खाली याया एक पिल्लू उरायचं न्हाई. नदी रांडमुंड व्हायची!

आन काठावर कोन असावं? पंढरी! रस्त्यावर खानावळ हाय त्याची, भायेर पाटी, 'नदीची ताजी मच्छी'. तो आन त्याचा एक गडी डोहाच्या खालच्या तोंडाला जाळं बांधून राहिले होते. वरच्या तोंडाला सावलीत दोन गोण्या ठेवलेल्या. जाळं बांधून झालं की गोण्या पान्यात, झालं!

उज्वला टेकाडाच्या शेंड्यावर रेंज हुडकाया गेली, ती धापा टाकीत आली. "मॅडम निघाल्या. पन गाडीची वाट डोंगराला वळसा घालून हाय. म्हनल्या, कशाला हात लावू नका. जवळ जाऊ नका. मेलेली मासळी, गोण्या, मानसं, सगळं एका जागी घावलं तर पक्की केस होते."

"मेलेली मासळी?" म्या म्हनलं.

आनंदराज डोकं खाजवाया लागला. "भाऊ, मॅडमचं बी खरं हाय. आज सोडला तर फुडल्या वर्षी परत येतो हा."

"आन आज डोह मेला तर फुडल्या वर्षी राखायचं काय?" उज्वला भडकली. "आवं, तुमी बसा पुरावा राखत. म्या चालले!"

बाई पुढं आन आमी माघारी? उतरलो घसरत. एक गोणी म्या उचलली, एक आनंदराजनं. आन कड्याकडं पळालो!

"ए! कोन रे तिकडं!" पंढरी वरडला. दगड आला. दुसरा आला. पंढरीनं मला गाठलं, गोणीला झोंबला. टर्रर्र! गोणी फाटली. पावडर माझ्या घामेजल्या पाठीवर! आई गं! इस्तू वतावा तशी आग! डोळे मिटले, खोकला आवरंना. खाली चार हातावर थंडगार पानी. वाटलं, मारावी उडी.

"पान्यात न्हाई!" उज्वला किंचाळली. "तुमच्या अंगावर पावडरीचं ईख हाय!"

म्या दात चावले. फाटकी बाजू वर धरून, गोणी पोटाशी कवळून तसाच रांगत वर गेलो. आनंदराजनं हाताला धरून कड्यावर वढलं. पंढरी मागं आला न्हाई, कारन वळनावर जीपचा आवाज आला होता. त्याचा गडी जंगलात पळाला. पंढरी जाळ्यात पाय गुतून पडला, मॅडमच्या शिपायांनी जागीच धरला.

आमी खाली आलो, तर हा बेइमान मानूस काय म्हनतो? "मॅडम, गोण्या ह्यांच्याच! बघा ह्याच्या पाठीवर पावडर!"

मॅडमनी माझी पाठ बघितली. मग म्हनल्या, "काका, जाळ्यावर केस होईल. गोण्या तुमच्या हातात सापडल्या, विषाची अवघड झाली. थोडं थांबला असता तर..."

"थांबलो असतो तर मॅडम, तुमाला मुडदेच मोजावे लागले असते!" म्या तडकलो. "कायद्याला मेल्याबिगर दिसतच न्हाई का काही?"

त्यांनी जीपमधला पान्याचा कॅन उचलला आन मला डोहापासनं पार लांब मुरमाड खड्ड्यापाशी नेऊन स्वतः माझ्या पाठीवर वतला.

पावडरीनं पंढरीचे तळहात बी लाल झालते. तो हळूच डोहाकडं वाकला.

"हात मागं!" मॅडमनी झेप घेऊन त्याची कॉलरच धरली. "ह्या पाण्याला एक बोट लावायचं नाही!"

"आगआग होऊन राहिली हो! नदी काय तुमच्या बापाची हाय का?"

उज्वलानं आमची प्यायची शेवटची बाटली काढली. त्याला ढकलीत खड्ड्यापाशी नेलं.

"न्हाई बाबा, नदी कुनाच्याच बापाची न्हाई," ती म्हनली, आन त्याच्या हातावर बाटली रिकामी केली. "हे पानी माझ्या घरचं हाय. धू."