मंगरूची नळी

भंडाऱ्यातल्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये प्रत्येक पेशंटची रक्त गाळणारी नळी वेगळी. वापरली की धुवायची, नावाची चिठ्ठी चिकटवायची, पुढच्या खेपेला तीच लावायची. धुतल्यावर आत पाणी किती मावतं ते मोजायचं. नवी नळी एकशे दहा मिली धरते. रक्त गोठून आतले धागे बुजले की पाणी कमी मावतं. माप अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेलं की नळी फेकायची. हे काम माझं, आणि मापात मी कुणाला सूट देत नाही.

करडी गावच्या मंगरूच्या रक्ताने मला जेरीस आणलं होतं. कुठलीही नळी दोन खेपांत बुजायची. मग नव्या लेपाच्या नळ्या आल्या. लेप असा, की प्लास्टिक परकं आहे हे रक्ताला कळतच नाही.

चौथ्या खेपेला माप एकशे दहाच. मी खूश. सातव्याला एकशे चौदा. मी मोजायचं भांडं बदललं. शेजारच्या मशीनवरच्या टेक्निशियन धर्मेंद्रनेही मोजून पाहिलं.

"वाढून राह्यली का हे?" तो हसला.

मला हसू आलं नाही. बाराव्याला एकशे बावीस. कवच कडक प्लास्टिकचं, जागा आली कुठून? माप घटलं तर काय करायचं याचा नियम आहे, वाढलं तर काय याचा नाही. शुक्रवारी मी वैतागून ती कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली.

सोमवारी त्याच खोक्यातली नवी लावली. दहा मिनिटांत आतलं रक्त काळं पडून गोठलं. दुसरी लावली, तीही गेली. मंगरूला धाप लागली होती, पाय सुजून टरटरले होते. नागपूरला पोचेपर्यंत तो टिकला नसता. मी घाबरले.

त्याची बायको धुरपता पायाशी उभी होती. "मॅडम, थे जुनीच लावा ना. कायले फेकली?"

पिशवी अजून उचलली नव्हती. तीन दिवसांनीही नळी हाताला कोमट लागली. औषधाने धुऊन लावली.

रक्त सुरळीत फिरू लागलं.

चार तासांनी मंगरू डोळे मिटून शांत पडला होता. मशीन थांबवून मी नळी सोडवायला घेतली.

"हळू न मॅडम," तो कण्हला. "दुखते."

त्याच्या हातातल्या सुईला मी अजून शिवलेही नव्हते. माझा अंगठा नळीवर दाबला गेला होता.

मी तो उचलला. "आता?"

"आता नाई."