बाकाखालची पेटी

बसा इथेच, पायरीवर. आणि त्या बंदराच्या फोटोंचं कौतुक मला सांगू नका. निळं पाणी, हिरवी बेटं, पांढऱ्या लाँची... पाहुणे भाळतात. लाँचीत बाकाखाली एक पेटी असते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

माझा मावसभाऊ तसल्याच एका लाँचीवर सुकाणू धरायचा. त्याचा धाकटा भाऊ तिथेच खलाशी. एकदा पाहुण्यांची पोर पाण्यात पडली. धाकट्याने उडी घेतली, पोरीला वर ढकललं, आणि स्वतः दमला. वरून एखादं लाइफ जॅकेट फेकलं असतं तरी वाचला असता. पण सगळी जॅकेटं पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक घरी. कारण काय, तर पाहुणे जॅकेटं मळवतात. वर मालकाने पोलिसांना सांगितलं, पोरगा दारू प्यायला होता. अरे, थेंबाला शिवत नव्हता तो. त्या दोघांची आई म्हणायची, "लेकरू गेलं ते गेलं, वर हा डाग." मावसभाऊ दातओठ खात त्याच मालकाकडे राबत राहिला. पोटासाठी, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी, हंगाम सुरू व्हायच्या आदल्या रात्री मालक म्हणाला, "चल, बेटावरच्या खोल्यांत चादरी टाकून येऊ." दोघंच निघाले. वारा नव्हता. चंद्र नव्हता. बंदराचे दिवे मागे पडले, आणि...

ठक.

बाकाखाली.

"उंदीर असेल," मालक म्हणाला.

ठक. ठक.

मावसभावाने इंजिन बंद केलं.

"थांबवलंस कशाला? चालू कर."

"किल्ली काढा, मालक."

"वेड लागलंय का तुला?"

ठक ठक ठक... आतून. तळहाताने मारावं तसं. पेटीच्या फटीतून पाणी आलं. मालकाच्या पावलांना लागलं. त्याची बोबडी वळली.

"नव्हता... प्यायला नव्हता तो. मी खोटं सांगितलं. किल्ली माझ्याकडे होती..."

आवाज थांबला.

पेटी उघडली. जॅकेटं कोरडी, धूळ खात पडलेली. एकच ओलंचिंब. त्याच्या नाड्यांना उलट्या हाताची गाठ. धाकटा डावखुरा होता, अशीच बांधायचा आणि थोरल्याच्या शिव्या खायचा.

"उद्या हेच चौकीत बोलायचं. आईसमोर," मावसभाऊ म्हणाला. मालकाने मुकाट मान हलवली.

सकाळी चौकीत त्याने कानावर हात ठेवले. "मी कुठे काय म्हणालो? याला भास झाला असेल." त्या माउलीच्या तोंडावर म्हणाला. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मावसभावाने त्याच दिवशी नोकरी सोडली. येताना ते ओलं जॅकेट तेवढं घरी आणलं. आई रोज ते अंगणात दोरीवर उन्हात घालते.

दोन उन्हाळे गेले, पोरांनो. अजून ठिबकतंय.