कोपरातला हिरवा तुकडा

"संध्याकाळी पोलिसांत जाणार म्हणतायत. एकदा चोर ठरले की मला कोण घरात घेईल?" नर्स म्हणाली.

ती सांभाळत असलेल्या आजोबांच्या कपाटातल्या बांगड्या गेल्या होत्या. त्यांच्या थोरल्या मुलाने पुरावा म्हणून फोटो दिला होता. खाजगी गुप्तहेर असलेल्या वहिनींनी तो हातात घेतला. मदतनीस म्हणून त्यांचे दीर सोबत असत, बहुधा दोन पावलं मागेच.

फोटोत उघडं कपाट, पांढरी भिंत आणि कमरेवर हात ठेवून उभी असलेली नर्स.

"चोरी करून वर ऐट!" दीर म्हणाले.

"कोपराच्या आत, कमरेजवळच्या फटीत हिरवं काय दिसतंय, भावोजी?" वहिनींनी विचारलं.

"टॉवेल असेल."

"असा फोटो माझा एकदाच काढलाय," नर्स म्हणाली. "आजोबांच्या वाढदिवसाला, बाल्कनीतल्या वेलीपुढे."

थोरला तावातावाने बोलला. "मी स्वतः दारातून काढलाय. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नाही!"

त्याची धाकटी बहीण फोटो स्टुडिओत कामाला होती. वहिनी तिथे पोचल्या तेव्हा कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका नवरीचे भुरभुरते केस ती मागच्या गर्दीतून अलगद सोडवत होती.

"एकेक बट निवडावी लागते," ती म्हणाली. "कड चुकली की माणूस चिकटवल्यासारखा दिसतो."

"आणि घरचा तो फोटो?" वहिनींनी विचारलं.

"दादा म्हणतो तेच खरं. त्याच्या घरात राहते मी." तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी सगळे आजोबांच्या खोलीत जमले.

"कॉम्प्युटरचा विषय मी काढलाच नव्हता," वहिनी थोरल्याला म्हणाल्या. "तुम्हीच काढलात. नर्सला बाल्कनीच्या फोटोतून उचलून या कपाटापुढे उभं केलंय. कोपराच्या आतली वेल तेवढी राहिली."

"म्हणजे कुणा नवशिक्याचं काम!" दीर खूश झाले.

"केस बघा, भावोजी. एकही बट तुटलेली नाही. एवढे केस सोडवणाऱ्या हाताला कोपरातलं भोक दिसत नाही?"

थोरल्याने बहिणीवर डोळे वटारले. या वेळी तिने मान वर केली.

"दिसलं होतं. त्याने घराबाहेर काढायची धमकी दिली, म्हणून फोटो केला. भोक मुद्दाम ठेवलं." ती नर्सकडे वळली. "कुणाला तरी दिसेल म्हणून रोज वाट पाहत होते. बांगड्या त्याच्या गाडीत आहेत."

अंथरुणावरून आजोबांनी हात पुढे केला. "गाडीची किल्ली दे," ते मुलाला म्हणाले. "आणि घर अजून माझ्या नावावर आहे. पोरगी इथेच राहील."